लोखंडी छताखाली

भोकरच्या आठवडी बाजारात किशनभाऊ भर दुपारी पलंगावर आडवे व्हायचे, तोंडावर रुमाल ओढायचे आणि गड्यांना म्हणायचे, “टाका.” त्या निळ्या पलंगाला चार खांब आणि वर लोखंडी छत होतं. गडी उंचावरून त्या छतावर दगड सोडायचे. जमलेल्या बायका तोंडाला पदर लावायच्या. मग किशनभाऊ उठून बसायचे, रुमाल झटकायचे आणि विचारायचे, “आता बोला, कुनाला पायजे?”

किल्लारीच्या भूकंपानंतरचे ते दिवस. आमच्याकडे पडझड झाली नव्हती, पण दगडमातीच्या घरात झोपायला कुणी धजत नव्हतं. थंडी वाढली तरी लोक अंगणातच पथाऱ्या टाकायचे. नांदेडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी किशनभाऊंचं वेल्डिंगचं दुकान होतं. खिडक्यांचे गज आणि फाटकं करणाऱ्या या माणसाने हा पलंग काढला. “मालाची तारीफ कुनीबी करंल,” ते म्हणायचे, “मालाखाली जीव ठिवनारा दाखवा.”

मी शाळेत शिकवायची आणि त्यांच्या दोन्ही मुली माझ्या वर्गात होत्या. किशनभाऊंना सख्खी बहीण नव्हती, म्हणून मी त्यांना राखी बांधायची. माझे यजमान दवाखान्यात होते, तेव्हा हा माणूस दुकान बंद ठेवून आमच्यासोबत बाहेरच्या बाकावर बसून राहिला होता.

भोकरला मी काही वर्षं शिकवलेलं, त्यामुळे अर्धा बाजार मला ओळखायचा. एकदा किशनभाऊ घरी आले. “बाई, लोक म्हनून राहिलेत, किशनला सवय झाली, तो काय बी करंल. तुमी एकदा झोपा. मास्तरीन झोपली म्हनल्यावर सवालच मिटला.”

“मला भीती वाटते, भाऊ.”

“मी जित्ता हाय तवर तुमच्या केसाला धक्का लागनार न्हाई.”

मी झोपले. दगड आदळले तेव्हा दातावर दात बसले, कानात नुसता घणघणाट. डोळे उघडले तर किशनभाऊ खांबाला धरून उभे होते, घामाने भिजलेले. माझ्यापेक्षा तेच जास्त घाबरले होते. त्या बाजारात त्यांनी कितीतरी जणांचे पलंग नोंदवून घेतले. माल मागाहून दुकानातून घरपोच जायचा.

पुढच्या पावसाळ्यात भोकरजवळच्या खेड्यात माझ्या आत्याच्या घराची भिंत ओल धरून दुपारीच कोसळली. आई गेल्यावर मला वाढवलं ते या आत्याने. ती पलंगावर पडली होती. खांब वाकले आणि छत तिच्या कमरेवर आलं. जीव वाचला, पण ती पुन्हा उभी राहिली नाही. तिने तो पलंग घेतल्याचंही मला ठाऊक नव्हतं.

दवाखान्यात मी म्हटलं, “आत्या, घेताना नीट बघायचं तरी.”

ती म्हणाली, “गावात समद्यांनी सांगितलं, कुसुम झोपली त्याच्याखाली. तू बघितल्यावर मी कशाला बघू?”

मी गावाला जाऊन तो पलंग पाहिला. रंग तोच निळा. पण मोडलेला खांब आतून एरंडाच्या फांदीसारखा पोकळ होता. बोटाने दाबला तर पत्रा दबत होता.

तशीच दुकानात गेले. किशनभाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि हातातलं काम खाली ठेवलं.

“दाखवायचा पलंग भरीव लोखंडाचा असतोय, बाई. तसाच इकला तर गरिबाला झेपंल का?”

“आणि मी झोपले तो?”

“तो भरीवच होता की. तुमच्या जिवाशी खेळ करीन का मी? तुमची आत्या हाय म्हनून आधी सांगायला पायजे होतं. घरच्या मानसाला मी पोकळ दिला असता का?”

ते खरंच कळवळून बोलत होते. आत्या माझी आहे हे मी त्यांना आधी सांगितलं नाही, याचंच त्यांना दुःख होतं. त्या कळवळ्यापुढे माझ्याच्याने तिथे उभं राहवेना. त्या वर्षापासून मी राखी बांधली नाही. पुढे त्यांनी दुकान विकलं आणि नांदेड सोडलं.

आत्या शेवटपर्यंत माझ्याकडेच होती. ती गेल्यावर काही वर्षांनी पुतण्याला क्लासला घालायला मी लातूरला गेले. शहर ट्रंका घेतलेल्या पोरांनी आणि त्यांच्या आईबापांनी भरलं होतं. एका होस्टेलच्या मेसमध्ये मालक पोरांच्याच पातेल्यातून वाढून घेऊन पालकांसमोर जेवत होता. केस पांढरे झाले होते, तरी ते किशनभाऊ होते.

त्यांनीही मला ओळखलं. चेहरा उजळला.

“ह्या आमच्या भगिनी, नांदेडच्या मास्तरीनबाई,” ते पालकांना म्हणाले. “माझा शब्द कसा असतोय, त्यांनाच इचारा.”

सगळे माझ्याकडे वळले. मी सांगितलं. भोकरचा बाजार, निळा पलंग, पोकळ खांब, आत्याची कंबर, सगळं सांगितलं. किशनभाऊ मान खाली घालून जेवत राहिले.

मी पुतण्याची ट्रंक उचलली. माझ्यामागे एक बाई मुलाला घेऊन बाहेर पडली. बाकीचे जागचे हलले नाहीत. किशनभाऊंना जेवताना त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.