तिने रंगवलेलं पिवळं शेत

बायको गेली तेव्हा तिचं चित्र अर्धं राहिलं होतं. ऑइल पेंटचं. कुणा परदेशी माणसाने शंभरेक वर्षांपूर्वी काढलेलं गव्हाचं शेत, भर उन्हातलं, मधून पायवाट, कडेला काळपट हिरवी झाडं. त्याची ती नक्कल करत होती. साठी उलटल्यावर गंगापूर रोडला क्लास लावला होता तिने. आभाळ झालं, शेत झालं, पायवाट निम्म्यावर आली. मग दवाखाना. मग काहीच नाही.

वर्षश्राद्धाला तिच्या हार घातलेल्या फोटोशेजारी हे चित्र पुरं करून लावायचं, असं मी मनाशी धरलं. म्हटलं, त्यात काय एवढं? सातपूरच्या वर्कशॉपात उभा जन्म रंगारी म्हणून काढला मी. मशीनी रंगवल्या, टाक्या रंगवल्या. तिच्याच क्लासला जाऊन बसलो.

शिकवणारी बाई माझ्या मुलीहून लहान. तिने मला दुसरा कॅनव्हास दिला आणि आधी नुसतं शेत काढायला सांगितलं. मी पिवळा पसरला. ब्रश आडवा फिरवला, उभा फिरवला, परत आडवा. काचेसारखं गुळगुळीत केलं.

बाई म्हणाली, "काका, हे शेत आहे की फ्रीजचं दार?"

क्लासातल्या बायका हसल्या. मीपण हसलो. पण आमच्याकडे ब्रशची एक रेघ दिसली तरी माल परत यायचा. तीच सवय हातात बसलेली.

"रंग जाड उचला, ठेवा आणि सोडून द्या. परत हात लावू नका," असं बाई रोज सांगायची. मी ठेवायचो. पण सोडून देववायचं नाही. हात आपसूक जायचा आणि सपाट करून यायचा.

बायको जिवंतपणी टोमणा मारायची, "अहो, जन्मभर एक राखाडी रंग लावलात. तुम्हाला ऊन काय कळायचं?" खोटं नव्हतं. तिच्या शेतावरून बोट फिरवलं की गव्हाची एकेक रेघ हाताला लागायची. उजेड त्या रेघांवर अडायचा. माझ्या शेतावरून तो नुसता घसरायचा.

बाई म्हणाली, "घाई कशाला, काका? अजून सराव करा." पण वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. एका दुपारी घरीच बायकोचं चित्र खाली घेतलं आणि उरलेली पायवाट मातकट रंगाने रंगवून टाकली. तिची वाट खडबडीत, पाय ठेवावा अशी. माझी म्हणजे घोटलेली फरशी. बघवेना.

काम बिघडलं की ओलं असेतोवर थिनरने पुसायचं, एवढंच मला येतं. गॅलरीत वर्कशॉपातला जुना डबा होता. चिंधी भिजवली आणि पुसलं. माझी वाट निघाली. चिंधी उलटी केली तर तिला पिवळं लागलेलं. वाटेला मी पिवळा लावलाच नव्हता.

बायकोच्या वाटेचं टोक आणि कडेचा गहू फुगून चिंधीत आला होता.

बाईला जाऊन सांगितलं. तिने कपाळाला हात लावला. "तो थिनर? अहो काका, तो सुकलेला रंगसुद्धा उचलतो."

"मशीनीचा उचलतो, ते माहीत होतं. हे डोक्यात आलं नाही. परत काढता येईल?"

"येईल. पण ते तुमच्या हातचं होईल."

वर्षश्राद्धाला मुलगी आली. "बाबा, हे खाली काय झालं?"

"मी पुसलं," म्हटलं.

तिनेच खिळा ठोकला आणि चित्र तसंच लावलं. खाली हातभर जागा पांढरी.

क्लासला मी अजून जातो. घरी बसून तरी काय करू? गव्हाची एक रेघ ठेवतो, हात परत जातो, सपाट करून येतो. बाई आता काही म्हणत नाही.