तीन मिनिटांची फुंकर

नातेवाइकांना मेंदू समजावताना आमच्या डॉक्टरबाई आधी खुर्चीतून उठायच्या आणि खोलीचं दार ढकलून उघडायच्या. "मज्जापेशीच्या भिंतीला अशी दारं असतात. विजेचा दाब बदलला की उघडतात, कॅल्शियम आत शिरतं आणि मग पुढच्या पेशीला निरोप जातो. कळलं?" नातेवाईक मान डोलवायचे आणि विचारायचे, "म्हणजे दूध वाढवू का?"

"दूध तुम्ही प्या," बाई म्हणायच्या. "मला आधी दार कोणतं ते शोधू द्या."

नव्वदच्या दशकात नाशिकला त्यांच्या दवाखान्यात मी मेंदूचा आलेख काढायचं मशीन चालवत असे. एकाच गोष्टीचं वेड घेतलेलं माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. बाईंचं वेड म्हणजे ही दारं. त्यांच्या किती जाती, कोणती कुठे, कोणत्या औषधाने कोणती बंद होते, हे त्या जेवणाच्या सुट्टीत सांगायला घ्यायच्या आणि माझी पोळी वाळून जायची.

एकदा सुरगाण्याकडचा एक बाप नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आला. वर्गात वाचता वाचता ती मध्येच थांबायची. डोळे उघडे, पण ती तिथे नसायचीच. काही सेकंदांनी पुन्हा वाचू लागायची, तर ओळ हुकलेली. म्हणून मार खायची. कुणीतरी झटक्याच्या गोळ्या दिल्या होत्या, त्यांनी ते वाढलंच होतं.

"मास्तर म्हनतो, पोरीचं ध्यान नाय," बाप म्हणाला. "आता साळा बंद. दिवाळी झाली की आमी द्राक्षाच्या कामाला उतरतो, तिलाबी नेतो."

"दिवाळीपर्यंत थांबा. मग तुम्ही म्हणाल तसं," बाई म्हणाल्या. तो कसाबसा कबूल झाला.

तपासणीत मुलांना तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावतात, म्हणजे असे झटके आलेखावर सापडतात. पण ही भलतीच लाजाळू. डोक्याला तारा लावल्या तशी तोंडावर हात धरून बसली. मी चिडलो. बाईंनी मात्र विचारलं, "घरी चूल कोण पेटवतं गं?"

"मीच."

बाईंनी मला भद्रकालीच्या बाजारात पिटाळून एक लोखंडी फुंकणी आणवली. ती हातात आली मात्र, पोरीने काय फुंकर घातली! दीड मिनिट होतंय तोच मशीनचे सगळे पेन एकदम नाचू लागले, सेकंदाला तीन टोकं. फुंकणी ओठांशी तशीच आणि नजर हरवलेली.

"ह्येच! चुलीपाशीबी असंच करती, भाकर करपवती. अन् मी हिला..." बाप म्हणाला आणि पोरीच्या पाठीवरून हात फिरवू लागला.

"सापडलं दार!" बाई ओरडल्या. मेंदूच्या आतल्या एका भागात अगदी थोड्या दाबानेही उघडणारी दारं असतात. हिची ती एका तालात उघडझाप करत होती, आणि आधीच्या गोळ्या त्या दारांच्या नव्हत्याच. बाईंनी औषध बदललं आणि मास्तरांना चिठ्ठी लिहिली, की ही मुलगी आजारी आहे, आळशी नाही, हिला मारू नका.

बाई आता नाहीत. दवाखान्याच्या जागी कपड्यांचं दुकान झालंय. त्यांची आठवण आली की मला दिवाळीआधीचा तो आठवडा दिसतो. बाप ठरल्याप्रमाणे मुलीला घेऊन आला होता. फुंकर सुरू झाली. एक मिनिट गेलं, दीड गेलं. पेन आपले बारीक बारीक लाटा काढत राहिले. बाईंचं नाक कागदाला टेकायचं बाकी होतं. तीन मिनिटं झाली, तरी टोक म्हणून उठलं नाही. मला मेल्याला रडू फुटलं. बाईंनी कागद टर्रकन फाडला, व्हरांड्यात लांबच लांब पसरला आणि रांगेतल्या रुग्णांना हाका मारल्या, "या, या, बघा सगळे!"

बाप त्या कागदापाशी उकिडवा बसला. एकही अक्षर न वाचता येणाऱ्या त्या माणसाने सगळा कागद या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटाने पाहिला. मग म्हणाला, "म्हंजे पोर साळंत जायाची."

"जायाची!" बाई म्हणाल्या आणि टाळ्या पिटू लागल्या. रांगेतले लोकही पिटू लागले.

या धांदलीत मुलीला थांब म्हणायचं कुणालाच सुचलं नव्हतं. आतून तिचा वैतागलेला आवाज आला, "बाई, किती फुंकू अजून? दमले ना मी!"