मिटलेल्या डोळ्यांचं चित्र

आमच्या वारज्याच्या घराचा वरचा मजला आम्ही एका फ्रेंच बाईंना भाड्याने दिला होता. आयटीवाल्यांनी नुकतं पुणं भरायला लागलं होतं, तेव्हाची गोष्ट. त्यांचे यजमान चाकणकडच्या कारखान्यात जात आणि बाई घरी माणसांचे चेहरे रंगवत. आपल्या गावीही त्यांनी जन्मभर तेच केलं होतं. फोटोवरून कधीच नाही. माणूस समोर बसलाच पाहिजे, तोही दुपारी, कारण खिडकीतला उजेड त्यांना तेव्हाचाच लागे. इथे कोणी बसलंच तर पासपोर्टच्या फोटोसारखं ताठ बसे. बाई वैतागत.

बाबांच्या साठीला आईने त्यांच्याकडून बाबांचं चित्र करून घ्यायचं ठरवलं. निवृत्त पुणेकराला दुपारी जागं ठेवणं म्हणजे काय, हे बाईंना कोण सांगणार? बाबा इस्त्रीचा सदरा घालून वर जात, खुर्चीत बसत आणि घोरायला लागत. बाईंनी त्यांना एकदाही उठवलं नाही.

साठीच्या दिवशी चित्रावरचं कापड निघालं. मान कललेली, चष्मा घसरलेला, डोळे मिटलेले. हे माझं आजवरचं सगळ्यात चांगलं चित्र आहे, असं बाईंनी मोडक्या मराठीत सांगितलं, पण आईचा चेहरा उतरला होता.

"अहो, जिवंत माणसाचं डोळे मिटलेलं चित्र भिंतीवर कसं लावायचं?"

बाबांना मात्र ते फार आवडलं. इतकी शांत झोप आपल्याला ऑफिसातसुद्धा लागली नव्हती, असं ते म्हणाले. तरी चित्र कपाटामागे गेलं. बाईंनी हिरमुसल्या तोंडाने, सकाळच्या उजेडात, उघड्या डोळ्यांचं दुसरं चित्र करून दिलं. त्यात बाबा गृहरचना सोसायटीच्या अध्यक्षांसारखे दिसतात. ते हॉलमध्ये लागलं.

यजमानांचं इथलं काम संपलं आणि बाई परत गेल्या. अजूनही कुठे टर्पेंटाइनचा वास आला की मला तो वरचा मजला आठवतो, आणि ते दिवस परत हवेसे वाटतात.

बाबा गेल्यावर हॉलमधल्या चित्राला हार चढला. तेरावं झालं आणि आईने कपाटामागचं चित्र स्वतः ओढून काढलं, पदराने पुसलं, आपल्या खोलीत लावलं. त्याला तिने हार घालू दिला नाही.

परवा दुपारी मी फोनवर बोलत त्या खोलीत शिरले. आईने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल," ती म्हणाली, "आत्ताच डोळा लागलाय त्यांचा."