दुमडीतलं कापड

अक्षर वाकडं आहे आणि शुद्धलेखन चौथीपर्यंतचंच. हे कुणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं.

मी जर्मनीत लेकीकडे आले आहे. इथल्या नेमबाजी मंडळाच्या उत्सवात लहान मुलगे गणवेश घालून मोठ्यांच्या पुढे चालतात. त्यांच्याकडे बंदुका नसतात, झेंडे असतात. गणवेश मंडळाचा, अनामत भरून वापरायला मिळतो. आमचा ओम यंदा पहिल्यांदाच चालणार होता. मिरवणूक उद्यावर आली आणि विजार तर पायाखाली येत होती.

"आई, काप सरळ," लेक म्हणाली. "अनामत गेली तर गेली."

"कात्री लावायची नाही. पुढचा उंच पोरगा काय घालेल?" एरवी मी इतकं ठाम बोलत नाही.

खालची शिवण उसवली, तर आत जुन्या दुमडींच्या रेषा दिसल्या. एकीत निळा दोरा अडकून राहिला होता. प्रत्येक रेषेशी कुणाची तरी आई नाहीतर आजी बसली असणार. कापड कुणीच कापलं नव्हतं. मला त्यांची भाषा येत नाही, पण हे कळलं. मीही दुमडून बारीक टाके घातले.

"आजी, चालताना सुटणार नाही ना?"

"तू पाय आपट खुशाल."

ओम छाती काढून चालला.

विजार परत द्यायला मीच गेले. मंडळातल्या बाईंनी ती उलटी केली, दुमडीवरून बोट फिरवलं, माझ्याकडे बघून हसल्या आणि सगळी अनामत माझ्या हातात ठेवली.