कैद्याची साखळी

वरळीच्या बीडीडी चाळीत मी लग्न होईपर्यंत राहिले, आणि तेवढ्या सगळ्या वर्षांत रात्री संडासला एकटी एकदाही गेले नाही. हे कबूल करायला मला एक्कावन्न वर्षं लागली. कारण माझ्या मुलीला मी नेमकं उलटं सांगत आले होते. ती अंधाराला घाबरली की मी कमरेवर हात ठेवून ऐकवायची, "आम्ही तुझ्याएवढ्या होतो तेव्हा भुताच्या नाकावर टिच्चून एकट्या जायचो!"

भूत होतं, यात मात्र खोटं काही नव्हतं. आमच्या चाळींचा सुरुवातीला तुरुंग म्हणून वापर झाला होता. सत्याग्रह्यांना पकडून तिथे ठेवायचे, असं आजोबांच्या पिढीतले लोक सांगत. त्यातल्या एका कैद्याचं भूत तिसऱ्या मजल्यावर मागे राहिलं होतं आणि तिसरा मजला आमचा. मधोमध लांबलचक पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या, आणि जिन्यापलीकडे सगळ्यांचे मिळून संडास. रात्री बल्ब गेलेलाच असायचा. अंथरुणात डोक्यावरून गोधडी ओढून मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, खळ्ळ, खळ्ळ, पायातली साखळी ओढत कुणीतरी पॅसेजमधून जायचं. आमच्या खोलीच्या छताला दोन लोखंडी कड्या होत्या. त्यांनाच कैद्याला लटकवलं, असा निकाल शेजारच्या मुलांनी दिला होता. कड्या दोन का, हे विचारायची अक्कल आमच्यातल्या एकालाही नव्हती.

मला जायचं झालं की मी आईला उठवायची. आई बाहेर उभी राहायची आणि मी आतून दर मिनिटाला हाक मारायची. "मी हंय आसंय," ती मालवणीत म्हणायची. इथेच आहे. आई बरोबर असली की साखळी कधी वाजायची नाही. कैदी माझ्या आईला टरकतो, अशी माझी पक्की समजूत होती आणि आईचा मला फार अभिमान वाटायचा.

मागच्या वर्षी चाळीतल्या लोकांना नव्या टॉवरमध्ये घरं मिळाली. आमची इमारत रिकामी झाली, सोमवारपासून पाडायला घेणार असं कळलं, आणि माझ्या मुलीच्या डोक्यात किडा वळवळला. तिची एक मैत्रीण जुन्या जागांमधल्या भुतांचे व्हिडिओ करते. दोघींनी ठरवलं, शनिवारची अख्खी रात्र तिसऱ्या मजल्यावर काढायची. "आणि मम्मी, पॅसेजमधून पहिली तू जायचं. एकटी. बॅटरी न लावता. संडासच्या दाराला हात लावून परत. तुला काय, सवयच आहे!"

आता काय बोलणार? स्वतःच्याच तोंडाने खड्डा खणला होता. पण खरं सांगते, भीतीपेक्षा मला उत्साहच जास्त आला. सोमवारनंतर तो पॅसेजच राहणार नव्हता. शनिवारी गेले नसते तर मरेपर्यंत मी भित्रीची भित्रीच राहिले असते, आणि वर खोटारडी. ऑफिसात दोन दिवस माझं कामात लक्ष नव्हतं. चुकून साहेबांना "हो रे" म्हणाले.

पाडकामाचा मुकादम ओळखीचा होता. त्याने परवानगी दिली, पण दोन माणसं खाली ठेवीन म्हणाला. शनिवारी टॉवरमधल्या आईच्या नव्या घरातून निघताना तीच चपला घालून दारात उभी. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे दुखणारे. मी ओरडलेच, "तीन मजले चढणार आहेस का?"

"माझां एक काम ऱ्हवलां हा थंय," ती म्हणाली, आणि तिथे कसलं काम राहिलंय ते न सांगता माझ्या आधी लिफ्टमध्ये शिरली. तिच्यापुढे माझा आवाज आजही चालत नाही.

दहा वाजता आम्ही चौघी आमच्या जुन्या खोलीत बसलो. वीज तोडलेली. दारं-खिडक्या काढून नेलेल्या, भिंतीवर देवघराचा चौकोन तेवढा पांढरा. आम्ही चटई पसरली, चकल्या काढल्या, आणि मैत्रिणीने भुताचं मशीन काढलं. रिमोटएवढं, वर पाच दिवे. भूत जवळ आलं की ते लाल होतात म्हणे. ते आईजवळ नेलं की बोंबलायचं. मैत्रीण भारावून म्हणाली, "आजींच्या भोवती जबरदस्त एनर्जी आहे!" मुलगीही हरखली. आईच्या कानातल्या ऐकायच्या मशीनमुळे ते बोंबलतंय हे मला लगेच कळलं, पण मी चकली तोंडात टाकली. इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती.

दीड वाजता आईला खोलीत ठेवून दोघी पोरी दाराबाहेर उभ्या राहिल्या आणि मैत्रिणीने कॅमेरा सुरू केला. "काकू, जा."

मी उठले. पॅसेजमध्ये पाऊल टाकलं आणि वयाची चाळीस वर्षं एका क्षणात गळून पडली. हाताने भिंत चाचपत निघाले. मोदक शिकवणाऱ्या काकूंचं दार. गिरणीत कामगारांवर जॉबर होते त्या आजोबांचं दार. कॅरमवाल्या भावंडांचं दार. दारं नव्हतीच, नुसती भोकं, पण प्रत्येकाची जागा हाताला पाठ होती. छाती धडधडत होती आणि हसूही येत होतं. जमतंय की! जिना दहा पावलांवर आला. तिथे कुणीतरी हलक्या आवाजात बोलत होतं.

तेवढ्यात मागे साखळी वाजली.

खळ्ळ. खळ्ळ. तोच आवाज, अगदी तोच. मैत्रीण जी किंचाळली ती कॅमेरा तिथेच टाकून सुटली. तिच्यामागे माझी शूर मुलगी. दोघी माझ्या अंगावरून जिन्याकडे धावल्या आणि धडाधड खाली गेल्या. मला बरोबर न्यायचं तर सोडाच, "मम्मी" असं म्हणायलाही ती थांबली नाही. मीही पळाले असते, पण आई मागे खोलीतच होती.

मग मी वळले. पडलेल्या कॅमेऱ्याच्या स्क्रीनच्या उजेडात आई दिसली. एका हाताने चौकट धरलेली आणि दुसऱ्या हातात गंजलेली लांब साखळी.

"आई! तू?"

"जिन्यात बापये बोलत हुते," ती ओशाळून म्हणाली. मुकादमाची माणसं बिड्या ओढायला वर आली होती, तीही पळाली होती. "सवय गो. हात आपसूक हलले."

तिथेच उभं राहून मी तिच्याकडून सगळं काढून घेतलं. रात्री त्या जिन्यात पत्ते पिसणारे आणि पिऊन आलेले पुरुष बसायचे. संडासला जाणाऱ्या बायकांना, नव्या सुनांना, वयात आलेल्या पोरींना नको नको ते बोलायचे. तक्रार करून उपयोग झाला नाही. मग एका रात्री आईने अंधारात उभं राहून साखळी वाजवली, आणि सगळे शूर वीर पत्ते टाकून पळाले. तेव्हापासून मजल्यावरच्या कुठल्याही बाईला जायचं झालं की ती आमच्या दारावर हळूच टकटक करायची, आणि आई उठायची. किती वर्षं? तिला आठवत नाही. साखळी पोटमाळ्याच्या कडेला, हात पोचेल अशी लपवलेली असायची. सामान हलवताना तीच राहून गेली, आणि ती न्यायला आई तीन मजले चढून आली होती.

"पण कुठली ही साखळी?"

"तुझ्याच पाळण्याची. आनी कोणाची?"

छतावरच्या दोन कड्या माझ्या डोळ्यांसमोर आल्या. मला राग आला, हसू आलं, आणि मग सरळ रडू आलं. "मला का नाही सांगितलंस? मी किती घाबरायचे!"

"सांगितला असता तर तू पोरांत बोललं असतंस. तू बरोबर आसलंस की मी वाजवीत नसंय. तू भियायचंस ना."

मी डोळे पुसले. जिना अजून दहा पावलांवर होता आणि त्यापलीकडे संडास. पैज पुरी व्हायची होती. मी आईकडे पाहिलं.

"जा," ती म्हणाली. "मी हंय आसंय."

मी निघाले. मागे ती साखळी हलवत राहिली, खळ्ळ, खळ्ळ, आणि त्या आवाजाबरोबर मी अंधारात पार शेवटपर्यंत गेले. दार कधीच काढून नेलं होतं. मी चौकटीला हात लावला.

खाली फुटपाथवर दोघी एकमेकींना धरून बसल्या होत्या. मुलगी उठून मला बिलगली. "मम्मी, तू गेलीस? खरंच एकटी गेलीस?"

"नाही गं," मी म्हणाले. "मी तिथे एकटी कधीच गेले नव्हते."