नको ते वगळणारा गुरुप्रसाद

दोह्याच्या अबू हमूर भागातल्या एका कंपाउंडात गुरुप्रसाद दातीरच्या घरी कुणी पहिल्यांदा आलं, की बूट काढता काढताच त्याला सूचना मिळे: कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरचं बटण दाबू नका, तो कामात आहे. पाहुणा बघायचा, तर काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरसर वर पळताहेत, पंखा घुरघुरतोय आणि समोरच्या खुर्चीत कुणीच नाही. कामात आहे म्हणजे नक्की काय करतोय, असं विचारण्याची चूक बहुतेकजण एकदाच करत. उत्तर ऐकता ऐकता चहा गार व्हायचा.

उत्तराचं सार असं. बाजारातले कॉम्प्युटर तयार सिस्टीम घेऊन येतात, पाकिटातल्या मसाल्यासारखी. फोडा आणि वापरा. त्यात धने किती आणि खसखस आहे की नाही, ते पाकीट भरणाऱ्याला माहीत. गुरुप्रसादची सिस्टीम तशी नव्हती. तिच्यात प्रत्येक प्रोग्रामचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स, आणायचा, त्यातलं आपल्याला काय हवं आणि काय नको ते ठरवायचं, आणि मग तो आपल्याच मशीनवर दळून घ्यायचा. या दळण्याला कंपाइल म्हणतात. प्रोग्राम छोटा असेल तर चहा होईपर्यंत दळून होतो. इंटरनेटचा ब्राउझर असेल तर अर्धा दिवस जातो. आणि जिथे तिथे हवं-नकोची बटणं. प्रिंटर? हवा. ब्लूटूथ? नको. मुलीच्या लग्नाची यादी करणारा बापसुद्धा इतकं हवं-नको करत नाही.

हा माणूस मूळचा नाशिकचा. सातपूरच्या कारखान्यात कंट्रोल पॅनेलवर काम करत होता. फुटबॉलचा वर्ल्ड कप भरवण्याचा मान कतारला मिळाला, दोह्यात जिकडेतिकडे खोदकाम निघालं, आणि या देशात जिथे खोदकाम तिथे आज ना उद्या एसी येणारच. त्या एसींना थंड पाणी पुरवणारे मोठाले प्लांट चालवणाऱ्या एका कंपनीने त्याला २०१२ साली बोलावून घेतलं. बायको नयना पुण्याची, लँडस्केप आर्किटेक्ट, म्हणजे इमारतींभोवतीच्या झाडांची आणि वाटांची आखणी करणारी. तिचं पुण्यात बरं चाललं होतं. पण नुपूर तेव्हा तीन वर्षांची होती, आणि कुणीतरी घरी थांबायचं ठरलं. ते कुणीतरी म्हणजे नयना, हे वेगळं ठरवावं लागलं नाही.

दोह्यात आल्या आल्या गुरुप्रसादने सुटे भाग आणून हा कॉम्प्युटर जोडला आणि त्याच्यावर आपली सिस्टीम चढवली. पहिला आठवडा घरात पडदे नव्हते, पण कॉम्प्युटरला काय हवं आणि काय नको याची आखणी पूर्ण झाली होती. हौसेला मोल नसतं म्हणतात. वेळेचंही नसावं.

खोटं कशाला बोला, त्या सिस्टीमचे फायदे होते. पाच वर्षांचं मशीन कालच आणल्यासारखं धावायचं, कारण त्याच्या पोटात फुकटचं काहीच नव्हतं. काही बिघडलं तर का बिघडलं हे गुरुप्रसादला कळायचं, आणि हे सुख तयार पाकीट वापरणाऱ्यांच्या नशिबी नाही. २०१७च्या मे महिन्यात जगभरचे कॉम्प्युटर कुलूपबंद करणारा तो व्हायरस आला, तेव्हा ऑफिसातले लोक घामाघूम झाले होते आणि हा घरी येऊन शांतपणे वरण-भात जेवला. त्या दिवशी तो जरा जास्तच शांत होता, असं नयनाचं मत.

तोटे त्याला विचारले असते तर त्याने एकही सांगितला नसता. ते शेजारच्या अमानभाईला विचारावेत. अमान रत्नागिरीचा, गुरुप्रसादच्याच कंपनीत खरेदी विभागात. त्याच्या आणि बायको फरहाच्या घरी मॉलमधून आणलेला साधा लॅपटॉप होता. झाकण उघडलं की सुरू, बंद केलं की बंद.

"दातीरसाहेब, शुक्रवारची बिर्याणी झाली, कॉफी झाली, तुमचं यंत्र अजून दळतंच आहे," तो म्हणायचा. "आमचं पीठ बघा, विकतचं आहे, पण पोट भरतं."

"आणि त्यात भेसळ काय आहे ते?"

"ते अल्लाला माहीत. यल्ला, चला, चहा टाका."

अमान हसून सोडून द्यायचा. नुपूर मात्र वैतागायची. तिला शाळेचं काहीतरी छापायचं असलं की ती कॉम्प्युटरपुढे उभी राहून ओरडायची, "बाबा, इट्स स्टिल कुकिंग!" मराठी सगळं कळायचं पोरीला, पण तक्रार इंग्रजीतच करायची.

जूनमध्ये शेजारच्या देशांनी कतारशी संबंध तोडले. दोन दिवस लोकांनी दुकानांतून दुधाच्या आणि कोंबड्यांच्या ट्रॉल्या भरल्या, मग तुर्कस्तानचं दूध आलं आणि मंडळी शांत झाली. नयनाच्या दृष्टीने मात्र त्या भांडणाचा एक परिणाम झाला. वर्षभर ती ज्या कंपनीकडे डोळे लावून बसली होती, तिने एका स्टेडियमभोवतीच्या बागांसाठी माणसं घ्यायला काढली होती. कंपनीच्या मुख्य बाई बसायच्या दुबईत. एरवी त्या सकाळच्या विमानाने येऊन संध्याकाळी परत जात. आता दुबईची विमानंच बंद. तेव्हा मुलाखती कॉम्प्युटरवर, समोरासमोर दिसत, घ्यायच्या ठरल्या.

मुलाखतीच्या यादीत नयनाचं नाव होतं.

दर उन्हाळ्यात ती नुपूरला घेऊन पुण्याला जायची. या वर्षी तिने तिकिटं काढलीच नाहीत. मेट्रो स्टेशनपासून स्टेडियमपर्यंतच्या वाटेवर सावली कशी धरायची, याची चित्रं ती जेवणाच्या टेबलावर काढत बसायची. सिद्रा नावाचं इथलं झाड, आपल्या बोरीचं जवळचं नातेवाईक, ते कुठे किती अंतरावर लावलं की चालणाऱ्याच्या डोक्यावर ऊन येणार नाही, हे तिने पक्कं करून ठेवलं होतं. पाच वर्षांत गुरुप्रसादने तिला इतकं खुशीत पाहिलं नव्हतं, आणि ते त्याला आवडत होतं, हेही सांगायला हवं.

"आपल्या कॉम्प्युटरला कॅमेरा लागेल," ती म्हणाली. "चालेल ना?"

"चालेल म्हणजे काय! पळेल."

"नाहीतर मी फरहाकडे जाते. अमानभाईंचा लॅपटॉप आहेच."

गुरुप्रसादला ते लागलं. "स्वतःच्या घरात एवढं मशीन असताना दुसऱ्याच्या दारात जायचं?"

नयना गप्प बसली. लग्नाला बारा वर्षं झालेल्या बाईला कुठे गप्प बसायचं ते कळतं. या वेळी मात्र तिचं चुकलं.

कॅमेरा आला. तो लावल्यावर कळलं, की कॅमेऱ्याला पहिल्याच आठवड्यात 'नको' म्हणून ठेवलेलं आहे. ते 'हवं' करायचं म्हणजे एक तुकडा पुन्हा दळायचा. तेवढंच करून थांबला असता तर पुढचं घडलं नसतं. पण या पंथातल्या माणसांना तेवढंच करणं जमत नाही. झाकण उघडलंच आहे तर सगळंच ताजं करून घेऊ, असं त्यांना वाटतं, आणि ज्या दिवशी वाटू नये नेमकं त्याच दिवशी वाटतं. मुलाखत रविवारी सकाळी होती. गुरुप्रसादने गुरुवारी ऑफिसातून आल्यावर सगळी सिस्टीम अपडेटला लावली. शुक्रवारी दुपारी ती अडकली. एका प्रोग्रामला दुसरा नवा हवा होता, दुसऱ्याला पहिला जुना. दोघांची समजूत घालण्यात शनिवार गेला. गणपती करायला बसला होता, मारुती होईल अशी लक्षणं दिसत होती. नयना मधूनमधून येऊन बघायची आणि परत चित्रांकडे जायची.

शनिवारी संध्याकाळी अखेर मशीन उठलं. ब्राउझरमध्ये नयनाचा चेहरा दिसला, स्वच्छ. मग गुरुप्रसादने एका वेगळ्या प्रोग्रामात माइकसमोर "हॅलो, हॅलो" केलं आणि तो आवाज परत ऐकवला. तोही स्वच्छ.

"मी एकदा ताईला पुण्याला लावून बघते," नयना म्हणाली. "बोलणं नीट होतंय का कळेल."

"अगं, मी तपासलंय ना. कॅमेरा आहे, माइक आहे. आणखी काय पाहिजे?"

तिने पुण्याला लावायचं सोडून दिलं.

रविवारी त्याने सकाळची सुट्टी घेतली. नयनाने निळा कुर्ता घातला, नुपूरला आतल्या खोलीत बसवलं. पडद्यावर तिघं दिसू लागले, मध्ये त्या बाई. "गुड मॉर्निंग, नयना," त्या म्हणाल्या. खणखणीत आवाज. नयनाने उत्तर दिलं. बाई थांबल्या. नयना पुन्हा बोलली. बाईंनी शेजारच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, तुमचा आवाज आमच्याकडे येत नाही.

गुरुप्रसाद खुर्ची ओढून पुढे सरसावला. एक बटण, दुसरं बटण. माइक ठीक होता. नयनाने एका कागदावर मोठ्या अक्षरांत 'प्लीज वेट' लिहून कॅमेऱ्यासमोर धरलं आणि हसली. पलीकडचे तिघंही हसले. भले लोक होते. पण त्यांच्यातला एकजण घड्याळाकडे बघत होता.

"पाच मिनिटं," गुरुप्रसाद म्हणाला. त्याने हवं-नकोची फाइल उघडली. ब्राउझरच्या नावापुढे, आवाज आत घेणाऱ्या भागासमोर, त्याच्याच हातचं 'नको' होतं. माइकला मशीन ओळखत होतं, ब्राउझर ओळखत नव्हता. ते ओळखायला लावायचं तर ब्राउझर पुन्हा दळायला हवा. ब्राउझर म्हणजे अर्धा दिवस. कपाळावर आठी न आणता, डॉक्टर सांगतात तसं त्याने ते सांगितलं.

नयनाने एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग चित्रांची गुंडाळी काखेत मारली, आणि घरातल्याच सपाता घालून जुलैच्या उन्हात बाहेर पडली.

फरहाने दार उघडलं तेव्हा ती कणीक मळत होती. तशाच हातांनी तिने लॅपटॉपकडे बोट दाखवलं. झाकण उघडलं, सुरू झाला. पण नयनाच्या वाट्याच्या वेळेतली बरीच निघून गेली होती, पुढचा उमेदवार ताटकळत होता, आणि दम लागलेल्या आवाजात तिने सांगितलेलं सिद्राच्या सावलीचं गणित बाईंनी अर्ध्यावर थांबवलं. दोन प्रश्न विचारले. आभार मानले. खलास.

इकडे गुरुप्रसाद रिकाम्या खुर्चीशेजारी बसला होता. तो दुष्ट माणूस नव्हता, हे त्याच्या बाजूने कितीही वेळा सांगता येईल. त्याने काय केलं? ब्राउझर पुन्हा दळायला लावला. दुसरं काही त्याला सुचलंच नाही.

नयना परत आली आणि पाणी प्यायली.

"कशी झाली?"

"झाली." पेला तिने खाली ठेवला. "ते माइकचं 'नको' तू कधी केलं होतंस?"

"आलो तेव्हाच. सगळं एकदम ठरवलं होतं."

"मला विचारलं होतंस?"

त्याने आठवून पाहिलं. प्रामाणिक माणूस, खोटं बोलला नाही. "नाही. मला वाटलं, आपल्याकडे त्यातून बोलणार कोण?"

"हो ना," नयना म्हणाली. "तुला वाटलं." मग तिचा आवाज चढला, आणि तो त्या घरात क्वचितच चढायचा. "मला फार राग आलाय, गुरू. मशीनचा नाही, तुझा. दोनदा सांगितलं तुला. फरहाकडे जाते म्हणाले, ताईला लावून बघते म्हणाले. दोन्ही वेळा तू मला नको म्हणालास. आणि मी ऐकलं, याचा त्याहून जास्त राग आलाय."

आतल्या खोलीतून नुपूर दारात येऊन उभी राहिली आणि तशीच परत गेली.

आठवड्याने मेल आली. सभ्य होती. जागा दुसऱ्या कुणाला मिळाली होती, त्यांनी नयनाला शुभेच्छा दिल्या होत्या. तोवर गुरुप्रसादने रोज ऑफिसातून येऊन मशीनवर काम केलं होतं. कॅमेरा, माइक, ब्लूटूथ, पाच वर्षं बंद असलेलं सगळं त्याने एकेक करून 'हवं' केलं, दळलं, आणि या वेळी अमानला त्याच्या लॅपटॉपवर बसवून खरोखर बोलूनही पाहिलं. तहान लागून गेल्यावर खणलेली का होईना, विहीर त्याने मनापासून खणली होती.

"आता कधीही बोलावू दे तुला," तो म्हणाला. "सगळं तयार आहे. काहीही अडणार नाही."

नयना टेबलावरची चित्रं आवरत होती. मेट्रोपासूनच्या वाटेचा मोठा कागद तिने हातात घेतला, सरळ केला आणि उलटा करून नुपूरच्या चित्रकलेच्या कागदांत ठेवून दिला.

"स्टेडियम एकदाच बांधतात रे," ती म्हणाली.