तपासणीत अडकलेलं ग्राफिक्स कार्ड

आपल्या कॉम्प्युटरवरच्या खेळाची नवी आवृत्ती आली त्या रविवारी मला बेटावर फक्त माझी टोपी दिसत होती. टोपीखाली मी नव्हते. समुद्र पांढरा झाला होता, आपले वांग्यांचे वाफे काळे पडले होते आणि तुम्ही दोघं म्हणजे दोन करडे ठोकळे होतात. त्यातला धाकटा ठोकळा मला सांगत होता की आजी, तू झाडाच्या आत उभी आहेस.

थोरलीने लगेच निदान केलं. कॉम्प्युटर म्हातारा झालाय आणि त्यातलं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरची चित्रं रंगवणारा भाग, नव्या खेळाला पुरत नाही. खरंच होतं ते. थोरले, तू शाळेत असताना तो इथेच घेतला होता आणि परदेशी जाताना माझ्याकडे सोडून गेलीस. धाकटा म्हणाला, आजी त्रास नको घेऊस, आपण दर रविवारी व्हिडिओ कॉल करू.

धाकट्या, सुचवलंस ते प्रेमाने, पण मला ते नको होतं. व्हिडिओ कॉलवर तुम्ही पाहुण्यांसारखे सरळ बसता. जेवलीस का, तिकडे थंडी आहे का, अभ्यास कसा चाललाय, एवढं झालं की आपण आपापल्या चौकटीत नुसते हसत राहतो. बेटावर मात्र हाताला काम असतं, म्हणून तुम्ही बोलता. गाडी चालवण्याच्या परीक्षेत नापास झाल्याचं थोरलीने मला विहीर खणताना सांगितलं, घरच्यांना ते नंतर कळलं. धाकट्याचा मित्र त्याच्याशी बोलेनासा झाला, ते मला कोंबड्यांना दाणे टाकताना समजलं. आता त्या बेटावरची जमीन संपत आली होती. पंधरवड्याने बोटीत बसून सगळ्यांनी नव्या बेटावर जायचं, असं आपलं ठरलं होतं. बोट एकदाच जाते. त्या वेळी जो हजर नसेल तो जुन्या बेटावर राहतो. मला एकटीला कोंबड्यांबरोबर राहायचं नव्हतं.

म्हणून मी वाचायला बसले. इंग्रजीत या कार्डांवर इतकं लिहिलेलं आहे की एखाद्या राज्यघटनेवर नसेल. वाचून मला कळलं की बघायचं थोडंच असतं: कार्ड कॉम्प्युटरच्या खोक्यात मावतं का, आतला पॉवर सप्लाय त्याला पुरेशी वीज देतो का, आणि आपला खेळ त्यावर चालतो का. बाकीचं लोकांनी एकमेकांशी भांडण्यासाठी लिहिलेलं असतं. एका पंख्याचं एक छोटं कार्ड या सगळ्यात बसत होतं. निर्णय झाला, आणि मी तो चहाबरोबर आजोबांना सांगितला.

तुम्हाला आजोबा पेपर वाचणारे आणि कॉलवर "बरं आहे ना" विचारून उठून जाणारे म्हणून माहीत आहेत. पण चाकणच्या कंपनीत ते क्वालिटीचे प्रमुख होते आणि त्यांच्या सहीशिवाय गेटबाहेर एक नटसुद्धा जात नसे. माझं ऐकून ते म्हणाले, "वाचून माल घेत नाहीत, हातात घेऊन बघतात." आणि त्यांनी दिघीला त्यांच्या मित्राला फोन केला.

हा मित्र तिथल्या जुन्या गावकऱ्यांपैकी. त्याच कंपनीत प्रेस शॉप, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवायचा विभाग, सांभाळायचा, आता भोसरीत त्याच्या मुलाचं वर्कशॉप आहे. नोकरीभर हे दोघं भांडले, कारण मित्राला माल पाठवायचा असे आणि आजोबांना तो अडवायचा असे. निवृत्त झाल्यावर अडवायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांची मैत्री झाली.

चिंचवडच्या दुकानात आम्ही तिघं गेलो. दुकानदार मूळचा लातूरकडचा, बोलायला मोकळा. मी कार्डाचं नाव सांगितलं तसं त्याने छोटं खोकं काढून ठेवलं. आजोबांनी कार्ड बाहेर काढलं, बोटाच्या पेराने त्यावर टकटक केलं, कानाजवळ नेलं आणि म्हणाले, प्लॅस्टिक आहे. मित्राने तोवर काचेच्या कपाटातलं सगळ्यात मोठं कार्ड मागून घेतलं होतं. त्याला एका रांगेत पंखे आणि पाठीला धातूची जाड पट्टी. तो ते दोन्ही हातांवर तोलून बघत होता, लग्नात नवरीचा शालू तोलावा तसं.

"ह्याला माल म्हणत्यात," तो म्हणाला. "साहेब, वजन बघा."

आजोबांनी वजन बघितलं. मान हलवली. त्या दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं, त्यामुळे मला बोलायला थोडा उशीर झाला. दुकानदारच माझ्या बाजूने बोलला. "काकू बराबर म्हणायल्यात. तुमच्या मशीनला छोटंच बास आहे. एवढं मोठं कशाला घ्यायलात? ते तुमच्या खोक्यात मावतच नाही."

"खोकं आपलंच हाय न्हवं?" मित्र म्हणाला. "कापू."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं असावं की हा विनोद आहे. पण तुम्ही इथले आहात, तुम्हाला समजेल. आपल्या भागात एखादी वस्तू मावत नाही म्हणून कोणी ती नाकारत नाही. मावत नाही याचा अर्थ फक्त एवढाच की आता भोसरीला जावं लागणार.

मोठं कार्ड आलं. त्याला वीज पुरणार नव्हती म्हणून पॉवर सप्लायही नवा आला. कॉम्प्युटर रिकामा करून स्कूटरवर पुढे उभा ठेवून भोसरीला नेला. परत आला तेव्हा समोरचा पत्रा कापलेला होता आणि त्या जागी बाहेर आलेली एक पेटी वेल्डिंगने जोडली होती. काम सुबक होतं, कडा घासलेल्या होत्या. फक्त वर्कशॉपमध्ये त्या दिवशी क्रेनचे भाग रंगवत होते, त्यामुळे आपल्या काळ्या कॉम्प्युटरला आता पिवळंजर्द नाक आहे.

कार्ड बसलं. मी खेळ सुरू केला आणि समुद्र निळा होता. वांग्यांना जांभळी फुलं आलेली होती, ती तर मी यापूर्वी कधीच नीट पाहिली नव्हती. मी त्यांच्यापाशी जाते आहे तोच आजोबांनी मला कॉम्प्युटर बंद करायला लावला. त्यांना कार्ड वाकलेलं दिसलं होतं.

इतकं जड कार्ड एका बाजूने अडकवलं की दुसरी बाजू किंचित खाली येते. दुकानदार फोनवर म्हणाला की सगळ्यांचंच येतं, त्याने काही होत नाही. आजोबा म्हणाले, "सगळ्यांचं वाकतं म्हणून आपण पास करायचं?" आणि फोन ठेवला. मग दिघीहून मित्र पितळेचा छोटा जॅक घेऊन आला, कार्डाखाली लावायला. आजोबांनी माळ्यावरून डायल गेज काढून कार्डाला टेकवलं. हे घड्याळासारखं असतं आणि केसाएवढी हालचाल झाली तरी त्याचा काटा सरकतो. जॅक लावल्यावर काटा स्थिर राहिला. कॉम्प्युटर सुरू केला, पंखे फिरले, आणि काटा थरथरला.

शनिवारी सकाळी मी मागच्या खोलीत गेले तर कॉम्प्युटरच्या पिवळ्या नाकाला लाल पट्टी बांधलेली होती. कंपनीत ज्या मालाला अशी लाल पट्टी लागते त्याला क्वालिटीची सही होईपर्यंत मालकसुद्धा हात लावत नाही. मी विचारलं, ही कधी निघणार? आजोबांनी सांगितलं की आधी सलग चाचणी होईल, दर पाळीला काटा बघितला जाईल आणि आठवडाभरात कळेल. मी म्हटलं, बोट उद्या आहे. ते म्हणाले, बोटीचं मला माहीत नाही, काटा हलतोय.

रविवारी दुपारी मित्र चाचणी बघायला आला होता, तेव्हा मी त्या दोघांसमोर खुर्ची घेऊन बसले. इतकी वर्षं या माणसाच्या घरी कंपनीच्या गप्पा ऐकत पोळ्या लाटल्या आहेत.

"मला डेव्हिएशन हवंय," मी म्हटलं.

डेव्हिएशन म्हणजे मालात बारीक दोष असूनही तो एकवार वापरायची लेखी परवानगी. मित्राने कप खाली ठेवला. "वहिनी, आमी ते मागून मागून रिटायर झालो. ह्यांनी एकदा दिलं न्हाई."

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कंपनीत बोलत असतील त्याच आवाजात विचारलं, "कारण?"

"आज माल गेला नाही तर गिऱ्हाईक तुटेल."

"कुठलं गिऱ्हाईक?"

"दोन आहेत. परदेशात."

ते उठून खिडकीशी गेले आणि चष्मा पुसत राहिले. मित्र काही बोलणार होता, मी त्याला हाताने थांबवलं. मग आजोबांनी सही केली, पण अट घातली की वापर चालू असेपर्यंत तपासणीस जागेवर हजर राहील.

पुढचं तुम्ही खेळातल्या माइकवरून ऐकलंत, पण इथलं पाहिलं नाहीत. मी सामान घेऊन किनाऱ्यावर उभी होते, आजोबा माझ्या शेजारी स्टुलावर, नजर काट्यावर. थोरलीने बोट पाण्यात लोटली तेव्हा त्यांनी एकदाच मान वर केली.

"वल्हं बोटीच्या बाजूतून आरपार जातंय," ते म्हणाले.

 धाकट्याने समजावलं की आजोबा, खेळात असंच असतं. त्यांनी विचारलं, पाणी आत येत नाही याची खात्री कोणी केली? कोणीच केली नव्हती. मागून मित्र म्हणाला की मागं वजन जास्त झालंय, नाक वर येतंय. धाकटा म्हणाला, नाही येत. मग नीट बघून म्हणाला, येतंय खरं.

तुम्ही बोट मोडून पुन्हा बांधली. आजोबांनी तीही नापास केली. तिसरीच्या फळ्या कापताना तुमच्या आईने तुम्हाला नाश्त्याला हाक मारलेली मी ऐकली, तुम्ही गेला नाहीत. बेटावरचा सूर्य मावळून पुन्हा उगवला. माझ्या कोंबड्या चढून बोटीत बसल्या होत्या, त्या खाली उतरल्या.

आणि फळी कापता कापता थोरली म्हणाली, मला नाही, आजोबांना, की कॉलेजात घेतलेला विषय तिला आवडत नाहीये आणि सोडायचं कसं ते कळत नाहीये. मी आजोबांच्या स्टुलाकडे पाहिलं, कारण असल्या वेळी हे "बरं आहे ना" म्हणून उठतात.

काटा थरथरत होता. आजोबांनी त्यावरची नजर काढली, स्टूल पडद्याजवळ ओढलं आणि विचारलं, "नक्की कुठे अडतंय? पहिल्यापासून सांग."